पिंपातला हर्बर्ट

रविवारी चर्च सुटलं की अख्खी गल्ली विनीच्या स्वयंपाकघरात लोटायची. शेगडीशेजारी स्टुलावर एक पोट सुटलेलं प्लास्टिकचं पिंप होतं आणि त्या पिंपात विनीचा नवरा हर्बर्ट होता. निदान क्रेकसाहेबांचं तसं म्हणणं होतं.

आमच्या यॉर्कशरच्या गिरणगावात घरोघरी बिअर करतात. हर्बर्ट वारला तेव्हा त्याची शेवटची बिअर या पिंपात मुरत होती. पुढे क्रेकसाहेब वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून आले, विनीच्या हातच्या खिमा भरलेल्या पाईवर रुळले आणि त्यांना पिंपातला आत्मा ऐकू येऊ लागला.

"फुसकारा आला तर नाही, गप्प राहिला तर हो," ते समजावत. "मेलेल्यांना गप्प राहणं सोपं जातं."

त्या रविवारचा प्रश्न मोठा होता. विनीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्याकडे बघून ती "कोण?" विचारायची. मंगळवारी लीड्सला ऑपरेशन ठरलं होतं, त्यानंतर ती लेकीकडे राहणार होती. मग क्रेकसाहेबांसाठी पाई कोण करणार?

"हात ठेवा पिंपावर! प्रेमानं डोला!" क्रेकसाहेब गरजले. सगळे भजन म्हणत डोलले. "हर्बर्ट, विनीनं डोळे कापून घ्यावेत का?"

फुस्स्स!

"नको म्हणतोय!" विनी रडू लागली. "नाही हो जात मी."

मला चारचौघांत बोलता येत नाही. जन्म ग्रंथालयात गेला, तिथे गप्प राहण्याचाच पगार मिळे. म्हणून मी काही न बोलता दाराबाहेरच्या हातगाडीवरून माझ्या घरच्या बिअरचं पिंप आत आणलं.

"हे काय, सिरिल?" शेजारची डोरीन ओरडली. "तुझ्याकडे कोण मेलं?"

"कुणी नाही. माझं तर लग्नही झालं नाही. तू... तू विचार ना याला काहीतरी."

सगळ्यांनी हात ठेवले, डोलले. डोरीननं विचारलं, "माझा केक कोरडा होतो का रे?"

फुस्स्स!

"ऐकलंत? नाही म्हणाला!"

"आता हात काढून विचार."

सगळ्यांनी हात काढले. डोरीननं परत विचारलं. पिंप गप्प. गप्प म्हणजे हो. स्वयंपाकघर हसून फुटलं.

"मेल्या सिरिल!" डोरीन म्हणाली.

विनी मात्र हसली नाही. चाचपडत हर्बर्टच्या पिंपापाशी गेली. "कुणी हात लावू नका. हर्बर्ट, जाऊ ना मी?"

पिंप गप्प.

"तो विचार करतोय," क्रेकसाहेब पुटपुटले.

"जिवंतपणी कधी केला नाही त्यानं," डोरीन म्हणाली.

"म्हणजे हो म्हणाला?" विनीनं मला विचारलं.

त्या क्षणी 'हो' म्हणणं किती सोपं होतं! "नाही, विनी. पिंप हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. यीस्ट साखर खातं, त्याचा वायू होतो. क्रेकसाहेब तुला दर आठवड्याला हर्बर्टसाठी साखर घालायला लावतात ना? शेगडीच्या उबेनं वायू वाढतो, हलवलं की बिअरमधून सुटतो आणि झाकणाची रबरी पट्टी उचलून बाहेर पडतो. ते पिंपाचा नळ उघडू देत नाहीत, कारण बिअर काढली की दाब उतरेल. क्रेकसाहेबांना 'नाही' हवं असलं की भजन होतं आणि पिंप हलतं. डोळ्यांचं डॉक्टरला विचार."

तिनं पिंपावर हात ठेवला. "तो नाहीच का मग यात?"

"तो नाही. पण बिअर त्याचीच आहे."

विनीनं नळ उघडला. फेस ग्लासाबाहेर उसळला. तिनं घोट घेतला. "त्याचीच. जरा गोड झालीय."

"साखर क्रेकसाहेबांची," मी म्हणालो.

"गढूळ आहे की माझेच डोळे?"

"दोन्ही. इतकं हलवल्यावर तळाचा गाळ वर येणारच. स्वस्थ राहू दे."

मंगळवारी ती लीड्सला गेली. क्रेकसाहेबांनी दुसरी खोली शोधली. विनी परतली तेव्हा आम्ही हर्बर्टच्या बिअरचा ग्लास भरून तिच्या हातात दिला. तिनं तो खिडकीशी धरला आणि ग्लासातून पलीकडची गिरणीची चिमणी बघितली.

"निवळली," ती म्हणाली.

मंडळी, पिंप फुसफुसलं तर भिऊ नका, हात जोडू नका. आधी ते कोण हलवतंय ते बघा.