लिफ्टवाल्याची वही

चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला घाईघाईत बटण दाबायची सवय नसते. निवृत्तीचे पैसे कुठल्या खात्यात ठेवायचे, यावर आमच्या लिफ्टवाल्याने तब्बल महिनाभर काथ्याकूट केला. करमुक्त खात्यात व्याज कमी, पण त्यावर कर नाही; मात्र पैसे पाच वर्षं अडकणार. साध्या खात्यात व्याज जास्त, पैसे हवे तेव्हा काढा, पण व्याजावर कर. रोज सकाळी कानावर पेन्सिल खोचून तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा. अर्धी वही भरल्यावर त्याने करमुक्त खात्याच्या बाजूने कौल दिला.

एकच गोष्ट त्याला खात होती. बायकोची थोरली बहीण समुद्रापलीकडे राहायची, ऐंशीला टेकलेली. बायकोला यंदाच तिच्याकडे जायचं होतं, आणि पैसे तर अडकणार. तरी बायको चकार शब्द बोलत नव्हती. एरवी ती गप्प बसणाऱ्यांतली मुळीच नव्हे.

बँकेत दोघं जोडीने गेली. काउंटरवरच्या मुलीने वही कौतुकाने चाळली.

"काका, पेन्शन धरून वर्षाचं उत्पन्न किती?"

त्याने आकडा सांगितला.

"मग व्याज धरूनही तुम्हाला कर लागतच नाही. साधं खातंच घ्या. काकूंना सांगितलं होतं की मी!"

लिफ्टवाल्याचं तोंड एवढंसं झालं. खातं उघडून बाहेर पडेपर्यंत त्याने कसाबसा दम धरला.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच आठवड्यात विचारून गेले होते."

"आणि मला महिनाभर राबवलंस?"

"अहो, काम सुटल्यावर तीन महिने तुम्ही खिडकीशी बसून होतात. धड जेवतही नव्हतात. ती वही हातात घेतलीत आणि शिट्टी वाजवत उठायला लागलात. मी कशाला मोडता घालू?"

त्याला राग आला होता खरा, पण तो कोपऱ्यापर्यंतही टिकला नाही. त्याला एकदम फार बरं वाटलं, आणि त्याने भर रस्त्यात तिचा हात धरला.

घरी येताच त्याने कोरं पान काढलं आणि वर ठळक लिहिलं: 'बहिणीकडे. विमान की बोट?'

"महिना लावू नका हं," बायको म्हणाली. "ती ऐंशीची आहे."

"आठ दिवस," तो म्हणाला आणि पेन्सिलीला टोक करायला लागला.