नदीत न सोडलेला तुकडा

कवठे महांकाळच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. भगव्या लुंगीवर पांढरा ॲप्रन चढवलेले लेसरबाबा गरजत होते, "चीर न्हाई, टाका न्हाई! देवीचा हात आन् अमेरिकेचा लेसर!" कसली देवी नि कसली अमेरिका!

टेबलावर माझी विद्यार्थिनी संयोगिता झोपलेली. मी शाळेत खेळ शिकवतो. पोलीस भरतीसाठी पळताना तिच्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, फाटली होती. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात चला म्हणून मी घसा कोरडा केला, पण तिची आई अंजनाताई कापाकापीला भ्याली.

बाबांनी गुडघ्यावर ओला टॉवेल टाकला, लाल उजेड फिरवला, टॉवेलखाली हात घातला आणि पांढरा, बुळबुळीत तुकडा ताटलीत टाकला. टाळ्याच टाळ्या! "ह्यो कृष्णेत सोडा. रोज अंगाऱ्याची पुडी घ्या आन् पळा बिनघोर!"

दुखणं खरंच थांबलं हो. उन्हाळाभर पोरगी पळाली. मग एका सकाळी मैदानावर जी बसली, ती उठेचना.

मिरजेच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून गुडघा आतून पाहिला. नंतर त्यांच्यासमोर अंजनाताईंनी बर्फात ठेवलेला डबा उघडला.

"लेकीच्या अंगाचा तुकडा नदीत सोडवंना मला. फ्रीजात बर्फाच्या कप्प्यात ठिवला. आवं डाक्टर, परत बसवा की. तुमच्याकडं बी लेसर आसंल न्हवं?"

डॉक्टरांनी तुकडा भिंगाखाली धरला.

"ताई, याला केस आहेत. गुडघ्याच्या आत केस उगवत नाहीत. हा बोकडाच्या कानाचा तुकडा आहे. टॉवेलात लपवला असणार."

"मग दुखणं कसं थांबलं?" मी विचारलं.

"तुम्ही दिलेल्या उरलेल्या पुड्या तपासून घेतल्या. अंगाऱ्यात स्टेरॉइड आणि वेदनाशामक आहे. दुखणं कळेनासं झालं, पोर फाटक्या गुडघ्यावर पळत राहिली आणि आतली गादी झिजून गेली."

"आन् लेसर?" अंजनाताईंनी विचारलं.

"लेसर हे नुसतं हत्यार, आमच्या कात्री-चिमट्यासारखं. कुठलंही घ्या, आत जायला बारीक का होईना, भोक पाडावंच लागतं. वेळेत आला असता, तर साध्या हत्यारांनी भागलं असतं."

"सर, मंजी पळायचं संपलं?" संयोगितानं मला विचारलं. मला रडू आवरेना. 'हो' म्हणून मान डॉक्टरांनीच हलवली.

पोलिसांत तक्रार दिली. चौकशी चालू आहे, आणि बाबाही चालूच आहेत. परवा त्यांच्या कराडच्या शिबिरात अंजनाताई डबा घेऊन स्टेजवर चढल्या. खाली संयोगिता काठी टेकून उभी होती.

"ह्ये केस बघा! म्या बी टाळ्या वाजवल्या हुत्या. माजी पोर आता पळत न्हाई. भोक न पाडता आतलं भाईर कसं येतं, येवढं तरी इचारा गं बायांनो!"

रांगेतली एक बाई आपल्या लेकीला घेऊन उठली. बाकीची रांग तशीच बसून राहिली.