शुक्रवारचं हसू

मी टीव्ही बोलतोय. एरवी दिवसभर माझी बडबड चालूच असते, पण ती सगळी दुसऱ्यांची. आज जरा माझं ऐका.

भिवंडीत, निजामपुऱ्यात हरिभाऊंच्या घरी मला त्यांच्या मुलाने, केदारने आणलं. मागच्या गल्लीत यंत्रमाग. लूमच्या खडखडाटात माझं कोणाला ऐकू जायचं नाही, म्हणून माझा आवाज पहिल्यापासून चढाच. इथली माणसंही भांडल्यासारखीच बोलतात. सवय झाली मला.

गेल्या वर्षी केदार हायवेवरच्या अपघातात गेला. त्याच्या आईने, विद्युल्लताबाईंनी, माझ्यावर चादर टाकली. वर्षश्राद्धापर्यंत घरात टीव्ही लागणार नाही, म्हणाल्या. मला त्यात वावगं वाटलं नाही. केदार माझाही लाडका होता. पण क्रिकेटचा मोसम आला आणि हरिभाऊंनी चादर बाजूला सारली. "माणसाला जरा विरंगुळा नको?" कोणी ब्र काढला नाही. मॅच संपली की चादर पुन्हा माझ्या अंगावर.

केदारची बायको यामिनी कॉलेजात शिकवते. तिला एका मालिकेवर व्याख्यान द्यायचं होतं, विषय 'दुःख आणि स्त्रीवाद'. मालिकेतली तरुण विधवा नवऱ्याच्या तेराव्यालाही विनोद करते आणि मग मोरीत जाऊन रडते. केदार गेल्यापासून यामिनी तास घेऊन थेट घरी यायची, कुठे जाणं नाही, येणं नाही. हे व्याख्यान मात्र तिला मनापासून हवं होतं. नोकरीचं काम म्हणून सासूबाईंनी व्याख्यानाला आणि त्यासाठी मालिका बघायलाही नाइलाजाने हो म्हटलं.

मालिका ती रोज लूम चालू असताना बघायची, म्हणजे बाहेर काही ऐकू जायचं नाही. शुक्रवारी लूमला सुट्टी, हे खरं तर निजामपुऱ्यात कोणाला सांगावं लागत नाही. पण त्या दिवशी तिच्या ध्यानातच राहिलं नाही. मालिकेतली आत्या विधवेच्या गळ्यात पडून हंबरडा फोडते आणि मधेच कानात विचारते, "पोह्यांत शेंगदाणे घातलेत ना?" यामिनी खळखळून हसली. केदार गेल्यानंतर पहिल्यांदाच. मला फार बरं वाटलं. बाहेर गल्ली मात्र चिडीचूप होती.

संध्याकाळी शेजारची मेघाली दारात हजर. "यामिनी हसत होती वाटतं काकू? बरं झालं, लवकर सावरली."

तो 'लवकर' बाईंना झोंबला. मेघालीची पाठ वळताच त्यांनी माझा प्लग ओढून काढला.

"ते भाषण राहू दे आता. स्टेजवर जाऊन हसणार का तू?"

"आई, बाबा सिक्सरला टाळ्या वाजवतात, त्या मेघालीला ऐकू जात नाहीत का?"

हरिभाऊ बाहेर गेले होते. विद्युल्लताबाईंनीच प्लग पुन्हा लावला. "एवढं काय होतं त्यात? दाखव मला."

यामिनीने आवाज अगदी कमी केला. आत्या गळ्यात पडली, शेंगदाणे आले, आणि बाईंनी पदर तोंडात कोंबला. खांदे गदगदत होते. "आपल्याकडे केदारच्या वेळी शेलार गावच्या मावशींनी अस्संच केलं गं. माझ्या गळ्यात पडून विचारलं, चहा टाकलाय का." हसता हसता कधी रडू फुटलं, त्यांनाही कळलं नाही. मुलाच्या नावाने त्या अशा मोकळ्या रडल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. यामिनीने त्यांना जवळ घेतलं.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "जा तू. बोल कॉलेजात. पण मी हसले हे तेवढं सांगू नकोस हां कोणाला."

व्याख्यानाच्या दिवशी हरिभाऊंनी विचारलं, "सूनबाई कुठे गेली?"

"वज्रेश्वरीला. देवीच्या दर्शनाला," बाई म्हणाल्या. भाषणाचं कळलं असतं तर हरिभाऊ नको म्हणाले असते.

हरिभाऊंनी मान डोलावली आणि मॅच लावली.

तेव्हा माझं एक मागणं आहे. घरातलं माणूस गेलं की मला खुशाल झाका, पण झाकायचं तर सगळ्यांसाठी झाका. आणि विद्युल्लताबाई हसल्याचं मी तुमच्यापाशी बोललो, ते निजामपुऱ्यात कोणाला कळू देऊ नका. त्यांना अजून याच गल्लीत राहायचं आहे.