उंबराकडे मारायची सवय

भामाला पाहुण्यासमोर तोंड मिटून बसता आलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ते तिला उभ्या जन्मात जमलं नव्हतं, आणि अडुसष्टाव्या वर्षी शिकायचा तिचा विचारही नव्हता.

पाहुणे म्हणजे कमलाकरसाहेब. खारघरच्या टोकाला, ओवे गावाजवळ, दहा-बारा सोसायट्यांनी मिळून फुटबॉलचं मैदान केलं होतं. गालिच्यासारखं हिरवं गवत, दोन्ही बाजूंना जाळीचे गोल, कडेला बसायला पायऱ्या. त्या मैदानाच्या कमिटीचे हे प्रमुख. सुकापूरच्या गावदेवी क्लबच्या पोरींना ते मैदान द्यावं का, हे ठरवायला रविवारी सकाळी भामाच्या बांधावर येऊन उभे राहिले होते, पांढरेशुभ्र बूट घालून.

"आजी, तुमच्या क्लबचं मैदान कुठंय?"

"तुमी उभे हाव तेच. आन आजी कुनाला म्हनता? तुमच्या डोक्यावर एक तरी काळा केस दाखवा मला."

क्लबची कॅप्टन, म्हणजे भामाची नात मनिषा, कपाळाला हात लावून दुसरीकडे बघू लागली. साहेब मात्र हसले, म्हणजे माणूस अगदीच वाईट नसावा.

मैदान कसलं, भामाची तीन खाचरं. भात कापून झालं की मधले बांध फोडायचे आणि तीन खाचरांचं एक मैदान करायचं. मृगाच्या आधी बांध परत घालायचे आणि भात लावायचं. सात वर्षं असंच चाललं होतं. तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या, बिल्डर दाराशी येऊन चहा पिऊन गेले, पण भामाने शेत सोडलं नाही. गोल एकच, बांबूचा. दुसऱ्या बाजूला पेंढ्याची उडवी, तिथे गोल उभा करायची कुणाची हिंमत नव्हती. डाव्या अंगाला मोठा उंबर, उजव्या अंगाला ओढा. एवढ्यावर पोरी खेळायला शिकल्या, गावोगावच्या मॅचा मारून आल्या आणि आता जिल्ह्याच्या लीगमध्ये खेळायचं म्हणत होत्या. लीग सुरू होणार ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये भामाच्या शेतात गुडघाभर पाणी आणि वर भात! शिवाय लीगवाल्यांना पुऱ्या मापाचं मैदान हवं, दोन गोल हवेत. म्हणजे ओव्याचं मैदान मिळालं तर लीग, नाही मिळालं तर पोरींनी उडवीभोवती लंगडी खेळावी.

साहेबांनी पोरींचा खेळ पाच-दहा मिनिटं पाहिला. मग जरा अवघडून म्हणाले, "जिद्द आहे मुलींच्यात, नाही असं नाही. पण आमच्या मुलींना रोज दोन तास कोच असतो. त्यांच्यासोबत एकाच मैदानावर म्हणजे… लेव्हलचा प्रश्न येतो हो."

क्लबचा कोच अंकुश, कळंबोलीच्या लोखंड बाजारात टेम्पो चालवणारा, काहीतरी नम्रपणे बोलायला निघाला होता. त्याच्या आधी भामा बोलली.

"मंग लावा मॅच! तुमच्या पोरी, आमच्या पोरी, तुमच्याच मैदानात. आमी हरलो तर पुन्ना तुमच्या दारात मैदान मागायला येनार नाय. हा भामाचा शब्द हाय."

"आणि हरला नाहीत तर?"

"तर ऑगस्टपासून मैदान आमचं पन."

"ठरलं," साहेब म्हणाले. "पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता."

साहेबांची गाडी वळणापलीकडे गेली तसा अंकुश मटकन बांधावर बसला. "काकी, काय बोलून बसलीस गो? मी त्यांच्याकडून आठवड्याचे दोन दिवस तरी मागून घेनार होतो."

"दोन दिवस मागून घेनार म्हने! मागून घ्यायला भांडं हाय का हातात?"

तोंडाने असं म्हणाली खरी, पण रात्रीच्या जेवणात तिला घास गेला नाही. हे कुणाला कळू न देण्यासाठी तिने सुनेच्या कालवणाला नावं ठेवली.

रविवारी पहाटे टेम्पो दारात लागला. भामाने लग्नाकार्यात नेसायचं हिरवं लुगडं काढलं, अबोलीची वेणी माळली आणि अंकुशच्या शेजारची जागा पकडली. मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ. नव्या जागेत पहिलं पाऊल टाकायचं तर तिथल्या राखणदाराला नारळ द्यायचा, मगच कामाला हात लावायचा. सासऱ्यांनी तसं केलं, नवऱ्याने केलं, तीही करणार. मागे पोरी ओरडून ओरडून घोषणा देत होत्या. कळंबोलीच्या सिग्नलला एका ट्रकवाल्याने विचारलं, "कुठं निघाली वरात?" गोलकीपर गंगू मागून ओरडली, "मैदान आणायला!"

गंगू वाडीवरची. आई-बाप वीटभट्टीवर. तिला कुणी गोलकीपिंग शिकवलं नव्हतं. भट्टीवर लहानपणापासून फेकलेल्या विटा झेलत होती, तिला चेंडूचं काय कौतुक.

मैदान दिसताच पोरींनी टेम्पोतून उड्या टाकल्या. मनिषाने खाली वाकून गवतावरून हात फिरवला. "आजी, एक खडा नाय गो. एक पन नाय."

भामा पिशवी घेऊन सरळ गोलकडे निघाली, तोच फाटकावरचा वॉचमन आडवा आला. "मावशी, नारळ आत फोडता येणार नाही. गवत खराब होतं."

"आरं, राखनदाराला नको द्यायला?"

"इथला राखणदार मीच आहे, मावशी. मला चहा चालेल."

पोरी फिसकन हसल्या. भामा चरफडत कडेच्या पायरीवर जाऊन बसली. नारळ तसाच पिशवीत राहिला.

आणि मॅच सुरू झाली.

पहिल्या पाच मिनिटांतच मनिषा तिघींना चुकवून गोलसमोर पोचली. भामा अर्धी उठली. मनिषाने मारला, जमिनीलगत, जोरात. आणि चेंडू गोलच्या डाव्या अंगाने दोन हात लांबून निघून गेला. असू दे, पहिलाच आहे. मग दुसरीने मारला, तोही डावीकडून. तिसरीने मारला, पुन्हा डावीकडेच. एकमेकींना दिलेले लांबचे पासही डावीकडे भरकटून रेषेबाहेर जायला लागले. पायऱ्यांवर बसलेले सोसायटीवाले आधी हळहळत होते, मग गालात हसू लागले.

समोरची कॅप्टन रेवा मात्र काम करत होती. उंच, चष्मा पट्ट्याने बांधलेला, पायात भिंगरी. तिने एक गोल केला, थोड्या वेळाने दुसरा. गंगूने सहा-सात अडवले म्हणून, नाहीतर दोनाचे आठ झाले असते.

"बुटांनी घात केला," अंकुश केस ओढत म्हणाला. "अनवानी सवय पोरींना. नवीन बूट चावतायत."

"बूट नाय," भामा म्हणाली. "राखनदार कोपलाय. नारळ अडवला त्या मेल्यानं."

मध्यंतराची शिट्टी झाली. पोरी मान खाली घालून आल्या. मनिषाचे डोळे भरलेले. "आजी, मी नीट मारते गो. देवाशपथ नीट मारते. जात नाय."

भामाला काय बोलावं ते सुचेना. हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. तिच्याच जिभेने पोरींचं मैदान डावाला लावलं होतं आणि आता तीच जीभ टाळ्याला चिकटली होती. मॅच राहू दे, राखणदाराला निदान नारळ दाखवावा म्हणून तिने तो पिशवीतून काढला, मैदानाच्या कडेला गवतावर ठेवला आणि लगेच दुसरा हात उजवीकडे आडवा धरला. त्यात विचार कसलाच नव्हता. शेतात तांब्या, नारळ, टोपलीतला कांदा, वाटोळं म्हणून जे जे खाली ठेवाल ते ओढ्याकडे निघतं. पन्नास वर्षांत तो हात आपोआप आडवा जायला शिकला होता.

नारळ हलला नाही.

भामा नारळाकडे बघत राहिली. तिने तो उचलून पुन्हा ठेवला. जागचा हलला नाही.

"अगो बाय!" ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडे लिंबूपाणी पिणाऱ्या सोसायटीच्या पोरींनीही वळून पाहिलं. "मनिषा, इथं ये! चेंडू ठेव खाली. ठेव! कुठं चाललाय?"

"कुठं नाय."

"घरी शेतात ठेवलास तर?"

"ओढ्याकडं जातो." मनिषा बोलता बोलता थांबली.

"गोलात मारायचा तर कुठं बघून मारता तुमी?"

"उंबराकडं," सगळ्या पोरी एका सुरात म्हणाल्या. आणि मग सगळ्याच एकमेकींकडे बघायला लागल्या.

भामाच्या सासऱ्यांनी खाचरं अशी पाडली होती की उंबराकडच्या खाचरातलं पाणी मधल्यात, मधल्यातलं खालच्यात आणि तिथून ओढ्यात जावं. बांध फोडले तरी तो उतार जातो कुठे? पोरी गोलच्या डाव्या बाजूला, उंबराच्या खोडावर नेम धरून मारायच्या आणि चेंडू उताराने वळत वळत बरोबर गोलात यायचा. सात वर्षांत त्यांच्या पायांनी हे इतकं पक्कं केलं होतं की डोक्याला पत्ताच नव्हता. बाहेरच्या मॅचाही दुसऱ्यांच्या शेतातच व्हायच्या. तिथे चेंडू कुठेही गेला तरी शेताला शिव्या द्यायच्या आणि मोकळं व्हायचं.

अंकुशने स्वतःच्या तोंडात मारून घेतली. "आन मी कोच!"

"तू नंतर मार खा," भामा म्हणाली. "पोरींनो, ऐका. हितं जमीन ताटासारखी हाय. जिथं बघाल तिथंच जानार. उंबर इसरा."

"पाय ऐकत नाय गो आजी," मनिषा रडकुंडीला आली. "नजर आपोआप तिकडंच जाते. समोर बघायला तर काहीतरी पायजे ना?"

भामाने नारळ उचलला, लुगडं सावरलं आणि तरातरा चालत समोरच्या गोलच्या मागे गेली. जाळीच्या बरोबर मध्यावर, बाहेरच्या बाजूला, मांडी घालून बसली. हिरवं लुगडं, अबोलीची वेणी, मांडीवर नारळ.

"मी दिसते का गो?" तिने तिथून हाळी दिली.

"दिसतेस!"

"मंग माज्याकडं बघून मारा! उंबर समजा मला. जाडी तेवढीच हाय!"

पायऱ्यांवर हशा पिकला. कमलाकरसाहेब उठून पुढच्या पायरीवर येऊन बसले.

दुसऱ्या अर्ध्यात पहिला फटका पुन्हा डावीकडे गेला, पण आता हातभरच. दुसरा खांबाला लागला आणि त्याचा टणत्कार भामाच्या कानात बसला. "आलं, आलं! आजून इकडं!" ती गुडघ्यावर थापा मारत ओरडत होती. तिसऱ्या वेळी मनिषाने मान वर करून सरळ आजीकडे पाहिलं, अगदी डोळ्यांत, आणि मारला. जाळी भामाच्या नाकापर्यंत फुगली.

भामाला क्षणभर कळलंच नाही की हा गोल आहे. कळलं तेव्हा ती उठून उभी राहिली होती आणि गंमत बघायला जाळीमागे आलेल्या वॉचमनला मिठी मारत होती.

दोन-एक. मग सोसायटीच्या पोरी चवताळल्या. रेवाने तीन वेळा मुसंडी मारली. एकदा गंगूने चेंडू दोन्ही हातांनी, विटेसारखा, छातीशी ओढून घेतला. वेळ संपत आली. अंकुशला घड्याळाकडे बघवेना, त्याने ते मनगटावरून काढून खिशात टाकलं. आणि शेवटच्या मिनिटाला गोलसमोर मनिषाला पाडलं. शिट्टी. पेनल्टी.

मनिषाने चेंडू ठेवला आणि सवयीने टाच गवतावर घासली. शेतात चेंडू घरंगळू नये म्हणून आधी टाचेने खळगा करावा लागायचा. गवताला काही झालं नाही. तिने पाय मागे घेतला, चेंडूकडे पाहिलं. चेंडू जागेवर होता. ती जरा हसली.

जाळीमागे परत बसलेल्या भामाने नारळ घट्ट धरला. तिच्या आणि मनिषाच्या मधोमध सोसायटीची गोलकीपर हात पसरून उभी होती. तिला पाठीमागून बघताना भामाच्या लक्षात आलं की पोरगी एक पाऊल सरकून उभी आहे. सुकापूरच्या पोरी नेहमी कुठे मारतात ते तिने सकाळपासून पाहिलं होतं, आणि ती त्याच बाजूला झेपावायला टपली होती. उंबराच्या बाजूला!

ओरडून सांगावं असं भामाच्या जिभेच्या टोकावर आलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने ते गिळलं. नुसती ताठ बसली आणि नातीकडे बघत राहिली.

मनिषा धावली. गोलकीपर उंबराच्या बाजूला झेपावली. आणि चेंडू सरळ, दोरी लावून आखल्यासारखा, भामाच्या मांडीसमोर जाळीत येऊन थांबला.

दोन-दोन! पोरी एकमेकींवर पडल्या, गंगू आपला गोल सोडून अख्खं मैदान पळत आली, अंकुश रडत होता आणि नाही म्हणत होता.

कमलाकरसाहेब जवळ आले. "बरोबरी झाली, भामाबाई."

आजी नाही, भामाबाई. तिने ते टिपून ठेवलं. "हरलो का आमी?"

"नाही."

"मंग?"

"मग ऑगस्टपासून तुमचंही मैदान. शब्द म्हणजे शब्द. तो नारळ तेवढा बाहेर फोडा."

भामाने फाटकाबाहेरच्या दगडावर नारळ फोडला. पहिलं खोबरं वॉचमनला दिलं. राखणदार तर राखणदार. खोबरं वाटताना रेवा हात पुढे करून उभी राहिली, घामाने निथळत. "आजी, ते उताराचं शेत… आम्ही पण येऊ का तिथे प्रॅक्टिसला? तिथे वळवून मारायला शिकायला मिळेल."

मनिषाने घाबरून आजीकडे पाहिलं. भामाला कुणी आजी म्हटलेलं चालतं की नाही याचा नेम नव्हता.

भामाने रेवाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आज सकाळपासून तिच्या मनात कुठेतरी डाचत होतं की पोरी इकडे आल्या की मागे नुसता उंबर आणि पेंढा उरणार. ते आता डाचायचं थांबलं.

"ये की," ती म्हणाली, आणि खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला. "भात कापून झालं की ये. बांध फोडायला कुदळ मी देते. पन ते बूट घरी ठेवून यायचं, सांगून ठेवते."