भंडाऱ्याची चिमूट

भैरूनं सुई गॅसच्या जाळावर धरली. टोक लाल झालं तसा म्हाळसानं हात मागं ओढला.

“मला मेंढरू समजलासा व्हय?”

“मेंढरू बरं. ते तोंड करत न्हाई.”

तिला हसू आलं, पण बोटातल्या ठणक्यानं ते ओठातच विझलं. मधल्या बोटाचं नख पिकल्या जांभळागत झालं होतं. लेकीकडं दौंडला चार दिवस राहून ती तासाभरापूर्वीच भांडगावी परतली होती. पातळ ट्रंकेत ठेवायचं आणि मागं जाऊन भुरीला पाला टाकायचा, एवढंच मनात. तेवढ्यात भैरू दारातून ओरडला, “मागं नको जाऊ!” ती दचकली आणि ट्रंकेचं झाकण बोटावर आदळलं.

“मागं का नको?” तिनं आता विचारलं.

“चिखल झालाय. बोट पुढं कर.”

दीडशे मेंढरांतली भुरी तेवढी उरली होती. तिची आय हायवेवर ट्रकखाली गेली, तेव्हा म्हाळसानं तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. पोराला, रविराजला, तिच्या खुंट्याच्या जागी गाडीसाठी शेड हवी होती. म्हणून निघताना म्हाळसानं नवऱ्याला, भैरूला, खंडोबाच्या भंडाऱ्यावर हात ठेवायला लावला होता. भुरी खुंट्यावरून हलायची नाही, ही आण.

भैरूनं तिचा हात मांडीवर घेतला आणि जीभ टाळूला लावून हलका आवाज काढला. टिर्र, टिर्र. लोकर कातरताना, खुरातला काटा काढताना तो असाच बोले, आणि थरथरतं जनावर मान टाकून द्यायचं. भुरी तर भिंतीपलीकडूनही या आवाजाला ओ द्यायची.

टिर्र, टिर्र.

म्हाळसानं कान दिला. हायवेवरून एक ट्रक गेला. मग काहीच नाही.

सुई नखाला टेकली. जळका वास आला आणि काळ्या रक्ताचा थेंब भसकन वर आला.

“उतरला ना ठणका?”

“बोटाचा उतरला.”

भैरू मान खाली घालून रक्त टिपत राहिला. “नख गळंल. दुसरं येतंया.”

दाराशी तिची पिशवी होती. दौंडच्या मंडईत वेचलेला फ्लॉवरचा पाला पिशवीच्या तोंडाशी सुकत चालला होता.

“रविराज कवा आला व्हता?”

“परवा.”

तो उठला आणि फळीवरून स्वयंपाकाच्या हळदीचा डबा घेऊन आला. माणसाची जखम असो की मेंढराची, शेवटी देव्हाऱ्यातल्या भंडाऱ्याची चिमूट लावल्याशिवाय त्याचं औषध पुरं होत नसे. आज त्याची पावलं देव्हाऱ्याकडं वळली नाहीत.

“भंडारा लावा की.”

“ह्यीबी हळदच हाय.”

म्हाळसा उठली. दुसऱ्या हातानं तिनं देव्हाऱ्यातली डबी आणली, झाकण काढलं आणि त्याच्यापुढं ठेवली.

भैरूनं डबीकडं पाहिलं नाही. जुन्या धोतराची चिंधी तो बोटावर गुंडाळू लागला. बोट दिसेनासं झालं, चिंधी संपत आली, तरी तो गुंडाळतच राहिला.