मल्हारीची किटली

देवगाव रंगारीच्या शाळेत दहावीला शेवटचा तास पीटीचा, असं वेळापत्रकात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तो सर्जेराव सरांचा असायचा. खेळाच्या तनुजा मॅडम गळ्यात शिट्टी अडकवून वर्गाशी यायच्या, तर दारात सर खडू घेऊन उभेच. "मॅडम, आजचा तास उसना द्या. त्रिकोणमिती लोंबकळतीय." मॅडम नोकरीत नव्या, सर निवृत्तीला टेकलेले. त्या म्हणायच्या, "घ्या ना सर." हे उसनं कधी फिटलं नाही. ते फेडायचं असतं, हे सरांच्या डोक्यातही कधी आलं नाही.

सर माणूस म्हणून वाईट मुळीच नव्हते. दहावीला गणितात त्यांचं एकही पोर आजवर नापास झालेलं नव्हतं, आणि या गोष्टीचा अभिमान लपवणं काही त्यांना जमत नसे. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही कन्नडचा स्टँड येईपर्यंत ते ही गोष्ट सांगून मोकळे व्हायचे. हे शेवटचं वर्ष सुखरूप पार पडलं की गंगेत घोडं न्हालं. आणि नेमकी ह्याच वर्षी त्यांच्या वाट्याला अंबिका आली.

अंबिका मल्हारी मेंढपाळाची मुलगी. शाळा सुटल्यावर मैदानावर खो-खो सुरू झाला की तिच्याकडे बघत राहावं. खांबाजवळ अशी काही वळायची की मागची पोरगी सरळ पुढं निघून जायची आणि मग शोधत बसायची. तिच्याच जिवावर शाळेचा मुलींचा संघ तालुक्याला जिंकला होता. गणिताशी मात्र तिचा छत्तीसचा आकडा. सहामाहीत ती सपशेल आपटली, आणि सरांनी तिच्या बापाला बोलावणं धाडलं.

पालकसभेला मल्हारी आला. डोक्याचा पटका नीट करून तो बाकाच्या कडेला टेकला. तिथंच सरांनी त्याला समजावलं, "हे बघ मल्हारी, शाळा म्हणजे अभ्यास. खेळ ही काही शाळा नाही. मैदान बंद कर, पोरगी पास होईल."

"व्हय सर," मल्हारी म्हणाला. मास्तरच्या शब्दापुढं शब्द काढायचा नाही, हे त्याच्या घरात दोन पिढ्या चालत आलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून अंबिका मैदानावर दिसली नाही. तनुजा मॅडमचा चेहरा उतरला. जिल्ह्याचे सामने दीड-दोन महिन्यांवर आले होते. सरांना त्यांची जरा दया आली, पण मनातून ते खूश होते. आता पोरगी घरी जाऊन समीकरणं सोडवत असणार. त्या भरवशावर त्यांनी पंधरवड्यानं चाचणी घेतली, आणि अंबिकेचा पेपर बघून चष्मा पुसला, पुन्हा बघितला. सहामाहीपेक्षा वाईट. निम्म्या पेपराला तर तिनं हातच लावला नव्हता.

त्याच संध्याकाळी सर शेताकडून स्कूटरवर येत होते. रस्ता भरून मेंढरं चालली होती. सर थांबले. मेंढरांच्या मागं, डोक्याला ओढणी गुंडाळून, खांद्यावर काठी आडवी टाकून अंबिका येत होती. सरांना बघून तिनं काठी खाली घेतली.

"अगं, तू इथं काय करतीयेस?"

"मैदान बंद झालं ना सर. मग दादा म्हणले, मोकळीच हायेस तर मेंढरं आण." बापाला ती दादा म्हणायची. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि सरांना तेच जास्त लागलं.

"आणि अभ्यास?"

"घरी जाईस्तोवर अंधार पडतो. मग भाकरी. मग डोळं मिटत्यात."

मेंढरं निघून गेली तरी सर स्कूटरवर तसेच बसून राहिले. मैदानाचा वेळ काढून घेतला की तो आपोआप गणिताच्या खात्यात जमा होतो, असा हिशेब त्यांनी केला होता. पोरीच्या घरी मात्र तो वेळ शाळेचा म्हणूनच मोकळा सोडलेला होता. शाळेनं सोडला तसा तो मेंढरांकडं गेला. आयुष्यभर बेरजा शिकवल्या आणि ही एवढीशी वजाबाकी चुकली. सरांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते मल्हारीच्या वस्तीवर गेले. मल्हारीनं घोंगडी अंथरली. त्याची बायको सुगंधाबाई चहाला लागली. आपलाच शब्द मागं घ्यायचा म्हणजे जिवावर येतं. चहा उकळेपर्यंत सर पावसापाण्याचंच बोलत राहिले.

"मल्हारी, अंबिकेला संध्याकाळी मैदानावर पाठव."

मल्हारी सावकाश म्हणाला, "सर, आमी अडाणी माणसं. मॅडम म्हणल्या व्हत्या, मैदान बी शाळाच हाय, म्हणून धाडत व्हतो. मग तुमी म्हणले, ही शाळा नाय. म्हणून बंद केलं. शाळेच्या टायमाला आमी कवा हात लावला नाय. पर शाळाच नाय म्हणल्यावर जवान पोरगी रिकामी कशी बसवावी? आता तुमीच सांगा, ही शाळा हाय का नाय?"

असा रोकडा प्रश्न सरांना वर्गात कोणी विचारला नव्हता. उत्तर द्यायला त्यांना चहाचा अख्खा कप लागला.

"हाय," ते म्हणाले. "माझंच चुकलं. ही पण शाळाच हाय. दिवस मावळेपर्यंत शाळा. मी सोता तिथं बसतो. गणित बी तिथंच घेतो."

"तुमी बसणार?"

"मी बसणार."

"मग लई झालं," मल्हारी म्हणाला. "मेंढरांचं मी बघतो."

निघताना सुगंधाबाईनं शेळीच्या दुधानं भरलेली किटली सरांच्या हातात दिली. नको नको म्हणायची सोय नव्हती. सर स्कूटरवर टांग टाकतात तोवर तिनं ती हँडलला अडकवूनही टाकली होती.

घरी आवडाबाईंनी दूध तापवलं, किटली घासून पालथी घातली आणि नवऱ्याला बजावलं, "ही आता रिकामी न्यायची नाय त्यांच्या दारात. शेंगा घाला, साखर घाला."

"पेढे घालीन," सर म्हणाले. "पोरगी दहावी पास झाली की. पेढे निकालाचेच असतात."

किटली फडताळात गेली.

मग मैदानावर एक गंमतच सुरू झाली. कडुनिंबाखाली सरांची प्लास्टिकची खुर्ची, खोडाला टेकवलेला फळा. खो-खोत पळणाऱ्या मुली तिघी-तिघींच्या तुकडीनं आत जातात, बाकीच्या बाहेर पाळी बघत बसतात. सरांनी हा बसायचा वेळ धरला. पाळी येईपर्यंत एक उदाहरण. मॅडमची शिट्टी झाली की पेन टाकून पळायचं, बाद होऊन आलं की धापा टाकत तेच उदाहरण पुढं. सुरुवातीला सर मैदानाकडं पाठ करून बसायचे. चार दिवसांत खुर्ची तिरकी झाली, आणि आठवड्यात पार फिरली.

"अगं, खो मिळायच्या आधी उठतीस काय," ते ओरडले, आणि मुलींना हसू आवरेना. मॅडमनी शिट्टी तोंडात धरूनच मान फिरवली, पण त्यांचे खांदे हलत होते.

वर्गातलाही हिशेब बदलला. पीटीच्या तासाला सर दारात उभे राहिनासे झाले. उलट एका शनिवारी त्यांनी आपला गणिताचा तास मॅडमच्या हवाली केला. "उसनं लई झालं होतं," एवढंच म्हणाले. अंबिका पुढच्या चाचणीत काठावर का होईना, पास झाली. सरांनी तिचा पेपर वर्गात दाखवला नाही. स्टाफरूममध्ये मात्र जो भेटेल त्याला दाखवला.

जिल्ह्याचे सामने संभाजीनगरला होते. मॅडमच्या सोबतीला एक शिक्षक हवा होता, आणि कोण जाणार हे विचारायची गरजच पडली नाही. सर क्रूझरमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसले. आवडाबाईंनी खाऊची पिशवी दिली होती. किटली मात्र सरांनी गुपचूप स्वतःच घेतली होती.

मुली अंतिम सामन्यापर्यंत गेल्या आणि तिथं एका गुणानं हरल्या. अंबिका शेवटच्या पाळीत इतका वेळ पळत राहिली की समोरच्या शाळेचे मास्तरही उभे राहून बघत होते. बाहेर आल्यावर ती गुडघ्यांत डोकं घालून रडली. सर तिच्याशेजारी मातीत बसले आणि पाण्याची बाटली धरून राहिले. त्यांच्या इस्त्रीच्या पँटला मैदान आखायची पांढरी फक्की लागली, ती त्यांनी झटकलीही नाही.

परतताना क्रांती चौकात सरांनी क्रूझर थांबवायला सांगितली. दुकानात जाऊन आले तेव्हा किटली जड झालेली होती.

दिवेलागणीला ते अंबिकेला घेऊन वस्तीवर पोचले. सरांनी किटली सुगंधाबाईच्या हातात दिली. तिनं झाकण काढलं आणि नवऱ्याकडं बघितलं.

"पेढे?" मल्हारी म्हणाला. "जिंकली व्हय?"

"नाय दादा, हरलो," अंबिका म्हणाली.

मल्हारीनं सरांकडं बघितलं. हरल्यावर पेढे वाटणारा मास्तर त्यानं कधी पाहिला नव्हता. "मग हे कशाचे, सर?"

सरांनी खूप विचार केला असता तर काहीतरी मोठं सुचलं असतं. पण ते दिवसभराचे दमलेले होते, आणि खरं तेच तोंडातून गेलं. "पोरगी उद्या सकाळी शाळेत येणार हाय ना, त्याचे."

मल्हारीनं पेढा मोडून अर्धा अंबिकेच्या हातावर ठेवला. तोवर सुगंधाबाईनं पेढे ताटलीत काढले, किटली विसळली आणि शेळीजवळ जाऊन बसली. दुधाची धार किटलीत वाजायला लागली. म्हणजे पुन्हा यावं लागणार. सरांना बरं वाटलं.

"सर," मल्हारी म्हणाला, "अकरावीला असतंय का मैदान?"