पाटीवरचा दादा

आमचा दादा मूकपटात मातृभक्त झाला. प्रत्यक्षात "आठवडाभर ठेव गं" म्हणून त्याने आईला माझ्या एका खोलीत आणून टाकलं होतं; तो आठवडा अजून संपायचाय. पडद्यावर मात्र हा आईला घराबाहेर काढतो आणि मग पस्तावतो. अर्धा खेळ नुसता कपाळ धरून बसतो, बायकोचं ऐकू की मनाचं. कपाळ छानच धरतो, नाही म्हणायला.

खेळ गाजला आणि एका वर्तमानपत्रवाल्याला याची खरी आई बघायची हुक्की आली. लगेच दादाचा निरोप: दुपारच्या खेळाला घेऊन ये, तिथूनच तिला घरी नेतो. आईने तेवढ्यावर बोचकं बांधलं. लेकाचं नाव निघालं की ती अक्कल गहाण ठेवते.

आईचे कान कापडगिरणीत गेले, मागांच्या खडखडाटात. तिथे सगळ्या बायका ओठांवरूनच बोलणं ओळखायच्या. अक्षर मात्र तिला एक येत नाही.

खेळाच्या शेवटी दादा पडद्यावरच्या आईच्या पायाशी कोसळला. तिने त्याला उठवून मिठी मारली. त्याचे ओठ हलले आणि पडद्यावर अक्षरांची पाटी आली: 'आई, घरी चल.' सगळं थिएटर मुसमुसायला लागलं. सांगायला लाज वाटते, पण मीही डोळे पुसले.

आईने मला ढोसलं. "काय लिहिलंय?"

मी ओठ हलवून सांगितलं.

"छे, असं कुठे म्हणाला तो?" बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "तो म्हणाला, खरी बहिणीच्या गळ्यात मारली, तर ही खोटी माझ्या गळ्यात पडली!"

मुसमुसणं थांबलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. आई हसली नाही. मांडीवरचं बोचकं तिने घट्ट धरलं.

बाहेर दादा कॅमेऱ्याकडे अर्धं तोंड करून तयारच होता. आईला पाहताच पायाशी कोसळला, अगदी पडद्यावरच्यासारखा. "आई, घरी चल!"

आईने त्याचे ओठ निरखले. मग तेवढ्याच मोठ्याने मला विचारलं, "हे हा बोलतोय, की पाटी आहे?"

लोक थांबून ऐकत होते. दादा खालून माझ्याकडे बघत डोळ्यांनी गयावया करत होता. तेवढा अभिनय त्याने पडद्यावर केला नव्हता.

"पाटी," मी म्हणाले.

आईने बोचकं माझ्या हातात दिलं.

"चल गं," म्हणाली, "घरी."